बद्द वाजणारे कप

४ जानेवारी

भट्टीची वही पुढून लिहायची आणि मनातलं मागून, असा आजपासून बेत आहे. पुढे फक्त भट्टी किती वाजता लावली, किती तापली, किती वेळ निवली. मागची पानं कुणी उघडणार नाही. आमचे हे वर्तमानपत्राशिवाय काही वाचत नाहीत आणि धाकट्या जाऊबाईंना माझं अक्षर लागत नाही.

चौदा मार्चला दुकानाला वर्ष होईल. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यातली शेवटची सहा वर्षं दर रविवारी कुंभारकामाच्या सरांकडे जाऊन चाकावर बसायला शिकले, आणि निवृत्त झाल्यावर हे दोन खोल्यांचं दुकान थाटलं. पुढच्या खोलीत फळ्या, मागच्या खोलीत चाक आणि विजेची भट्टी. धाकटी खोकी बांधते, बाहेरगावच्या ऑर्डरी घेते, पार्सलं पाठवते. ‘जावाजावा आणि उभा दावा’ असं म्हणून सगळ्या नातेवाइकांनी आम्हाला सहा महिने दिले होते. त्यांची तोंडं बंद झाली, हीसुद्धा कमाईच.

तर बेत असा. वर्षाच्या दिवशी आपल्या पहिल्या चाळीस गिऱ्हाइकांना चहाला बोलवायचं आणि प्रत्येकाला नवा कप हातात द्यायचा. ओळखपाळख नसताना हे लोक आत आले आणि माझे वाकडेतिकडे कप छातीशी धरून घरी घेऊन गेले. त्यांचे आभार नुसत्या तोंडाने मानणं मला जमायचं नाही. चाळीस कप, चाळीसही खणखणीत. जिला वर्षाअखेर चाळीस धड कप काढता येत नाहीत तिने चाकावर बसू नये. नाही जमलं तर चाक विकून टाकीन. लिहून ठेवते, म्हणजे पळवाट नको.

९ जानेवारी

भट्टी उघडली. चोवीस कपांतले सतरा बद्द.

आमची तपासायची रीत सरांची. कप डाव्या तळव्यावर उभा करायचा आणि उजव्या नखाने काठावर टिचकी मारायची. धड असला तर खणखणीत वाजतो आणि आवाज जरा रेंगाळतो. आत कुठे तडा असला तर बद्द वाजतो. असा कप विकायचा नाही, फुकटही द्यायचा नाही, कारण एक दिवस तो उकळत्या चहासकट कुणाच्या तरी मांडीवर फुटणार. तो फोडायचा. सर म्हणायचे, डोळा फसतो, कान फसत नाही.

सतरा! नोव्हेंबरात पाच गेले होते, डिसेंबरात नऊ, आता सतरा. एका कपावर धाकटी म्हणाली, “ताई, मला तर हा बरा वाटला.”

“तुला वाटून काय उपयोग? सरांकडे सहा वर्षं तू गेली होतीस की मी?”

ती म्हणाली, “द्या, मी बोळात नेऊन फोडते. तुम्हाला बघवत नाही.” तेवढं मन आहे तिला. क्रेट उचलून मागच्या दाराने गेली आणि दहा मिनिटांनी रिकामे हात घेऊन आली. पूर्वी कप फुटायला लागले की शेजारचा शिंपी खिडकीतून बोंब मारायचा. हल्ली तोही काही म्हणत नाही. माणसाला सगळ्याची सवय होते.

१३ जानेवारी

दुकानाच्या दारावरची घंटी बिघडली आहे. मी चाकावर होते, मान वर केली तर समोर एक बाई उभी. म्हणे पाच मिनिटं उभी होती, दोनदा हाक मारली. मनात म्हटलं, ओठातल्या ओठात मारली असणार. घंटीला तेल घातलं. काही फरक नाही.

लोक पुटपुटायलाच लागलेत. आमचे हे तर मिशीतल्या मिशीत बोलतात आणि वर विचारतात, “ऐकतेयस ना?” मी टीव्ही लावला की उठून गॅलरीत जाऊन बसतात. एकतीस वर्षं पन्नास पन्नास पोरांच्या कलकलाटात मी स्पष्ट बोलले. घरातल्या एका माणसाला ते जमू नये?

१८ जानेवारी

आज आभाराची यादी केली आणि खोकी बांधायच्या टेबलावर भिंतीला चिकटवली. पहिलं नाव सरांचं. ते आता नाहीत, पण पहिलं नाव त्यांचंच. मग दातांचा डॉक्टर, ज्याने दवाखान्यासाठी सहा कप नेले. मग ती बँकेतली बाई, जिने पहिल्या दिवशी पहिला कप घेतला आणि त्याचा कान तुटला तेव्हा रागवायला नाही, दुसरा घ्यायला आली. मग मातीवाला. मग आमचे हे, “हौस आहे तर कर, पण मला हिशेब सांगू नकोस” एवढं म्हटल्याबद्दल. एकेचाळीस नावं झाली, मातीवाल्याला वगळलं.

धाकटीने यादी वाचली. बराच वेळ वाचत होती. म्हटलं, “कुणी राहिलं का गं?” तर म्हणाली, “नाही. गिऱ्हाइकं सगळी आलीत.”

२७ जानेवारी

चोवीसात वीस बद्द.

सगळे वीस टेबलावर मांडले. भिंग घेऊन एकेक पाहिला, काठ, बूड, कानाचा सांधा. एक रेघसुद्धा दिसत नाही. पाणी भरून दोन तास ठेवले, खालचा कागद कोरडाच्या कोरडा. म्हणजे तडा आतल्या आत आहे आणि तो सगळ्यांत वाईट, कारण तो गिऱ्हाइकालाही दिसणार नाही. टिचकी मारली की बद्द. वीसच्या वीस.

मातीत खोट आहे. मातीवाल्याला बोलावलं. त्याने एक कप उचलला, ठोकला, म्हणाला, “बाई, यात काय वाईट आहे?” म्हटलं, स्वतःच्या मालाला वाईट कोण म्हणणार? लोक म्हणतील नाचता येईना अंगण वाकडं. पण अंगण खरोखर वाकडं असलं तर नाचणारीने काय करायचं?

क्रेट धाकटीनेच नेलं. वीस कप कमी होऊनही बाहेरगावची पार्सलं ती वेळेवर पाठवते, एकाही गिऱ्हाइकाला थांबावं लागलेलं नाही. थोडक्यात भागवते बाई. हा गुण तिच्यात आहे, मान्य केलं पाहिजे.

३१ जानेवारी

चांगला गुण लिहिला की माणूस चार दिवसांत रंग दाखवतो. आज खोकी बांधता बांधता म्हणते, “ताई, रागावू नका. एकदा कान दाखवून याल का? माझ्या मावशीला असंच झालं होतं.”

तिची मावशी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे! मी साठ पूर्ण केलेली नाहीत. मी तिला एवढंच विचारलं की कप भट्टीत बिघडतात त्याचा माझ्या कानांशी काय संबंध? बोलायला काही नसलं की वयावर यायचं.

६ फेब्रुवारी

सहा दिवस बोललो नाही. तिने सुरुवात केली असती तर मी बोलले असते. चाक मात्र छान चाललंय. चाकाची घरघर ऐकत माती वर येते तेव्हा वाटतं, सगळं ठीक होईल.

११ फेब्रुवारी

अक्षर आज मलाही लागणार नाही.

चोवीसच्या चोवीस बद्द. एकही नाही. एक-सुद्धा-नाही.

मी या भट्टीवर जीव ओतला होता. माती दुसऱ्याकडून आणली. आठ दिवस ओल्या फडक्याखाली हळूहळू सुकवली. पहिली भाजणी, मग ग्लेझचा, म्हणजे चकाकीच्या लेपाचा हात, काचेसारखा पातळ, मग दुसरी भाजणी. तरी चोवीस. म्हणजे मातीत खोट नव्हती. मग राहिलं काय? भट्टी उघडणं. भट्टी दीड दिवस निवू द्यायची असते. गरम असताना दार किलकिलं केलं की गार वारा शिरतो आणि सगळा माल आतून तडकतो. आणि दुकानाची किल्ली सकाळी कुणाकडे असते?

मी विचारलं. सरळच विचारलं. “तू भट्टी लवकर उघडतेस. पार्सलांची घाई असते तुला.”

“नाही ताई.”

“खोटं बोलू नकोस.”

“माझ्या लेकराची शपथ, मी दाराला हात लावला नाही.”

मी म्हणाले, कानामागून आली आणि तिखट झाली. मी म्हणाले, माझ्या कष्टांवर तू दुकानदारीण म्हणून मिरवतेस. आणखीही म्हणाले, ते लिहीत नाही. ती ऐकत होती, माझ्या तोंडाकडे बघत. मग क्रेट उचलायला वाकली. मी म्हटलं, “ठेव ते. आज मी फोडणार, तुझ्यादेखत.”

तेव्हा ती घाबरली. इतकी घाबरलेली मी तिला तिच्या बाळंतपणातही पाहिली नव्हती. “नका फोडू. ताई, पाया पडते, हे नका फोडू.”

मी फोडले. बोळात उभी राहून एकेक भिंतीवर मारला. ती मागच्या दारात तोंडावर पदर धरून उभी होती. चोवीस झाल्यावर तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेली. जाताना काहीतरी बोलली. तेही ओठातल्या ओठात.

१६ फेब्रुवारी

पार्सलं मी बांधतेय. कागद फाटतो, दोरी सुटते. फोन येतात त्यात नुसती खरखर. तीनदा “पुन्हा सांगा” म्हटलं की पलीकडचा फोन ठेवून देतो. दिराला निरोप पाठवला की किल्ली घेऊन जायला सांग तिला. किल्ली टेबलावर तशीच.

मी खोटं लिहिणार नाही. दुपारी दोन वाजता ती डबा उघडायची आणि पहिला घास घ्यायच्या आधी माझा डबा माझ्या हाताशी सरकवायची. आज साडेचारला लक्षात आलं की मी जेवलेच नाही.

२५ फेब्रुवारी

ही भट्टी मी एकटीने लावली. किल्ली एकट्या माझ्याकडे. दीड दिवस नाही, दोन दिवस निवू दिली. दाराला कुणाचा वारा लागला नाही.

चोवीस बद्द.

फोडले. आता रागही आला नाही. पाटीवरचं पुसावं तसं एकामागून एक फोडले. मग बोळातच खाली बसले. शिंपी बाहेर आला, माझ्याकडे पाहून आत गेला आणि पाण्याचा ग्लास घेऊन आला.

म्हणजे धाकटी नव्हती. माती नव्हती. भट्टी नव्हती. मग मीच. हात गेला माझा. काय चुकतंय ते कळत नाही आणि सांगणारे सर नाहीत. एकतीस वर्षं मुलांच्या वहीवर लाल पेनने ‘पुन्हा काढ’ लिहिलं, आता माझ्या वहीवर कोण लिहिणार? सतरा दिवस उरलेत आणि फळीवर आभाराचे अकरा कप. मातीवाल्याला सांगितलं, चाकाला गिऱ्हाईक बघ.

एक भट्टीभर कच्चा माल सुकून पडलाय. तो भाजावा असंही वाटत नाही. कशाला, फोडायलाच ना?

१ मार्च

हे नीट क्रमाने लिहिते.

सकाळी चहा केला आणि सवयीने कपाला टिचकी मारली. हा माझा नव्हे, कारखान्यातला बाजारू कप, बारा वर्षं वापरातला. बद्द. मला बरं वाटलं. कारखान्यांचाही माल असाच! मग आईने लग्नात दिलेला चिनी मातीचा संच वरच्या फळीवरून काढला. लहानपणी आम्ही बहिणी तो चमच्याने वाजवायचो आणि मार खायचो, इतका तो वाजायचा. बद्द. सहाच्या सहा बद्द. म्हटलं, जुना झाला, फळीवर पडून पडून तडकला असेल. काचेचे ग्लास घेतले. बद्द. अख्खं स्वयंपाकघर ओट्यावर मांडलं. मला हसू येत होतं. जगात एकही गोष्ट धड बनत नाही आणि आपण उगीच स्वतःला खात बसलो!

शेवटी हाताला स्टीलची वाटी लागली. चमच्याने मारली. बद्द. जोरात मारली. बद्दच. आणखी जोरात मारली, आणि आमचे हे गॅलरीतून धावत आले. दोन्ही कानांवर हात होते. तोंड वासून ओरडत होते आणि मला कुजबुजल्यासारखं ऐकू आलं, “काय चालवलंयस? कानठळ्या बसल्या!”

मी वाटीकडे पाहिलं.

स्टीलला तडा जात नाही.

३ मार्च

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. गाद्या लावलेल्या एका छोट्या खोलीत बसवलं, कानांवर डबे चढवले, हातात एक बटण दिलं. म्हणाले, शिट्टी ऐकू आली की दाबा. मी अंगठा तयार ठेवून बसले. एकदोन जाड, भोंग्यासारखे आवाज आले, तेव्हा दाबलं. मग काही नाही. मी वाट बघत राहिले, पुढचं सुरू कधी होणार म्हणून. तेवढ्यात तपासणी घेणाऱ्या मुलीने दार उघडलं आणि खुणेनेच सांगितलं, झालं.

डॉक्टरांनी कागदावर रेघ दाखवली. सरळ चालत येते आणि मधेच कड्यावरून पडते. जाड आवाज ऐकू येतात, बारीक आणि उंच आवाज गेलेत. दोनतीन वर्षांपासून जात असणार, गेल्या वर्षात वेगाने. परत येणार नाहीत. उरलेलेही हळूहळू जातील.

“कानाला लावायच्या मशीनने माणसांचं बोलणं नीट कळेल,” ते म्हणाले. मी पिशवीतून दोन कप काढले, एक धड आणि एक उघडउघड चिरलेला, आणि त्यांच्याकडचं मशीन लावून दोन्ही वाजवले. दोन्ही पत्र्याच्या डब्यासारखे वाजले. तसेच्या तसे. डॉक्टर म्हणाले, बाई, हे मशीन बोलण्यासाठी आहे, कपांसाठी नाही.

बाहेर आल्यावर ह्यांनी माझा हात धरला. भर रस्त्यात धरला, तीस वर्षांत पहिल्यांदा. मी सोडवून घेतला नाही.

४ मार्च

मोजले. अठ्ठेचाळीस मी फोडले, स्वतःच्या हाताने. सतरा आणि वीस तिने नेऊन फोडले, माझ्या सांगण्यावरून. नोव्हेंबर आणि डिसेंबरचे वेगळेच.

सगळे खणखणीत होते.

५ मार्च

धाकटीकडे गेले. दार तिनेच उघडलं. मला वाटलं होतं, आधी रडेन आणि मग बोलेन. तोंड उघडलं ते एकदम, “मी बहिरी झाले गं.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. मोठ्याने, सावकाश, माझ्यासमोर चेहरा धरून. तेव्हा ध्यानात आलं की ती गेले कित्येक महिने माझ्याशी असंच बोलत होती, आणि म्हणून दुकानात फक्त तिचंच बोलणं मला कळायचं.

मी विचारलं, “मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं. सहा दिवस बोलला नाहीत. त्याआधी ऑक्टोबरात सांगितलं, तेव्हा तुम्हाला आठवतही नाही, तुम्ही म्हणालात, ‘तुला माझ्या जागेवर बसायचंय.’ तिसऱ्यांदा सांगायची माझी हिंमत नव्हती.”

मी क्षमा मागितली. भट्टीच्या दाराबद्दल, शपथ घ्यायला लावली त्याबद्दल, बोळातल्या चोवीस कपांबद्दल. आणि म्हटलं, “त्याआधीचे सदतीस तुला फोडायला लावले.”

ती उठून आत गेली, पाणी घेऊन आली, समोर बसली. “ते मी फोडले नाहीत.”

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. क्रेट बोळातून फिरवून ती शिंप्याच्या मागच्या खोलीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी मी चाकावर बसले की एकेक कप स्वतः वाजवून बघायची. सदतीसांतले तीन खरंच बद्द होते, ते तिने फोडले. चौतीस पार्सलांतून बाहेरगावी गेले. “एकही परत आला नाही, ताई. नऊजणींनी पुन्हा मागवलेत.”

मी अख्खा जानेवारी तिला थोडक्यात भागवणारी म्हणत होते. दुकान जगत होतं ते मी नाकारलेल्या मालावर, आणि ते जगवत होती ती, जिचं यादीत नावसुद्धा नव्हतं. ते मी बोलून दाखवलं.

“यादी वाचली मी,” ती म्हणाली. “वाईट वाटलं. घरच्या माणसांचे आभार मानत नाहीत, ठाऊक आहे मला. पण भावजींचं नाव होतं त्यात.”

मी उठले. म्हटलं, चाकाला गिऱ्हाईक बघायला सांगितलंय, चाळीस काही होत नाहीत, अकराच आहेत. तुला कळवायला आले होते.

तेव्हा ती संतापली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. “चाक विकणार तुम्ही, आणि मी काय करणार? ते दुकान माझंही आहे. या घरात मला कुणी चहा झाला का याशिवाय काही विचारत नाही. तिथे लोक फोन करून माझा सल्ला घेतात. ते तुम्ही मला न विचारता विकणार?”

मला हे कधी सुचलंच नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, “येते मी. पण एका अटीवर. कप मी वाजवणार. मी ठेवा म्हटलं की ठेवायचा, फोडा म्हटलं की फोडायचा. तुम्ही पुन्हा तपासायचा नाही, भिंग नाही, पाणी नाही. आणि फोडायचा तो तुम्हीच. माझ्याच्याने तुमचे कप फोडवत नाहीत.”

मी हो म्हटलं, चाक विकायचं नाही हेही कबूल केलं. माझी माती, माझे हात, आणि शेवटचा शब्द तिचा.

९ मार्च

मशीन सहा तारखेला आलं. पाऊल टाकलं की चपला किंचाळतात, कागद गर्जतो. पण ह्यांचं बोलणं ऐकू येतं. तीन दिवस ऐकल्यावर कळलं की गेल्या वर्षभरात माझं विशेष काही हुकलं नाही. हे मी त्यांना सांगितलं, तर पोट धरून हसले.

पडून असलेला कच्चा माल भाजून घेतला. आज धाकटीने आणि मी मिळून ग्लेझ लावलं. परवा दुसरी भाजणी.

पहाटे जाग आली की एकच विचार येतो. उरलेलं कधी जाईल? चाकाची घरघर जाड आहे, ती अजून ऐकू येते. तीही गेली तर? डॉक्टरांनी तारीख दिली नाही. कुणीच देत नाही.

१४ मार्च

चार वाजता माणसं यायची होती. सकाळी नऊला भट्टी उघडली.

चोवीस कप टेबलावर मांडले. सगळे धड निघाले तरी आधीचे अकरा धरून पस्तीसच; उरलेल्यांना पुढच्या भट्टीतून द्यायचे ठरवलं होतं. मी मशीन काढून ठेवलं, नाहीतर प्रत्येक टिचकीला ते कानात ओरडतं. धाकटीने बांगड्या वर सारल्या, पहिला कप तळव्यावर घेतला, टिचकी मारली, डोळे मिटले. “ठेवा.” दुसरा. “ठेवा.” मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. कप वाजला की तिच्या भुवया जरा वर जातात. मी तेवढ्यावर कान ठेवला होता, म्हणा ना.

आठवा, “फोडा.” मला त्याचं दुःख नव्हतं, तो कानाशी तिरका होता.

एकोणिसावा कप तिने उचलला आणि मी पुढे वाकले. तो मी फेब्रुवारीत, एकटी असताना, सगळं संपलं असं वाटत असताना चाकावर काढला होता. तसा कप माझ्या हातून पूर्वी झाला नव्हता. काठ पानासारखा पातळ, पोट भरलेलं, ग्लेझ वरून खाली निळं होत गेलेलं. सर असते तर उठून उभे राहिले असते. तिने टिचकी मारली. पुन्हा मारली. तिच्या भुवया हलल्या नाहीत.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “फोडा.”

मी कप हातात घेतला. सांधा बघितला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. नजर आपोआप गेली. मला काही दिसलं नाही. आणि मनात आलं ते लिहितेच, कारण ही पानं त्यासाठीच आहेत. आलं ते असं की बोळातल्या चोवीस कपांचा हा एक वसूल करतेय का ही? की तिच्या बोटालाच आज नीट जमलं नाही? नखाखाली माझी टिचकी तयार होती. भिंग हाताच्या अंतरावर होतं. ती नुसती थांबली.

मी मागच्या दाराने बोळात गेले आणि तो कप भिंतीवर मारला.

आवाज मला आला नाही. तुकडे पायाशी पडले. तडा आधीचा असला तर तुटलेली कड वेगळी दिसते, हे सरांकडच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. वाकून एक तुकडा उचलला असता तर दोन सेकंदांत कळलं असतं. मी केरसुणी आणली, मान वर ठेवून सगळं सुपलीत भरलं आणि टाकून आले.

आत आले तेव्हा धाकटी विसावा कप तळव्यावर घेऊन माझी वाट बघत उभी होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, “वाजव.”